झोपलात कुठे?

आमच्या कंपनीतला वेलनेस प्रोग्रॅम नेमका काय होता, असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येणार नाही. तो मी स्लाइडवर लिहिलाय, ग्राहक-कंपनीच्या माणसांसमोर उभं राहून वाचून दाखवलाय, आणि त्यासाठी मिळालेली ट्रॉफी रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात ठेवताना मीच ओढणीनं पुसलीय. पण तो काय होता, ते माहीत नाही. ज्या बाईंनी तो केला, त्यांना तरी माहीत होतं का, याचीही मला खात्री नाही.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा मी एचआरमध्ये नवीन होते. चाकणला आमचा कारखाना, गाड्यांच्या सीटच्या लोखंडी फ्रेम बनवणारा. मी पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसनं जायचे. बाई दिघीला चढायच्या. वय पन्नाशीच्या बऱ्याच पुढचं, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात सेफ्टी शूज. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते म्हणून त्यांनी पुरुषांच्यातला सगळ्यात लहान जोड घेतला होता, आणि तोही मोठा व्हायचा. त्यामुळे त्या येतायत हे लांबूनच ऐकू यायचं. ऑफिसात सगळ्या बायकांना मॅडम म्हणायची पद्धत आहे. यांना मॅडम म्हटलं तर त्या मागे वळूनच बघायच्या नाहीत, म्हणून शेवटी साहेब सोडून सगळे बाई म्हणायला लागले.

पूर्वी त्या एका नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. त्यानंतर भोसरीतल्या एका कंपनीत वेल्फेअर ऑफिसर झाल्या, पण ती कंपनी बंद पडली. आमच्या ग्राहक-कंपनीनं अट घातली होती की माल पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगारांच्या आरोग्याचा कार्यक्रम हवा आणि तो तपासायला त्यांची माणसं येणार. म्हणून आमच्या साहेबांनी, म्हणजे एचआर हेडनी, घाईघाईनं बाईंना आणलं आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. "त्या कार्यक्रम तयार करतील, तू त्याचं प्रेझेंटेशन कर," असं मला सांगण्यात आलं. हे वाक्य मला तेव्हा फार सोपं वाटलं होतं.

वेलनेस आमच्याकडे त्याआधीही होऊन गेलं होतं. योग दिनाला चटया अंथरल्या होत्या. वेल्डिंगमधला एक जण जो पुढे वाकला तो सरळ होईना, त्याला दोघांनी तसाच धरून दवाखान्यात नेला. हास्यक्लब झाला. सुपरवायझर पुढे उभा राहून "हसा" म्हणायचा आणि लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. मग मोबाइलवर पावलं मोजायची स्पर्धा झाली. तिच्यात पहिला आलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून मापं तपासायचा. त्यानं मोबाइल एका थरथरणाऱ्या मशिनवर ठेवून दिला होता, हे आम्हाला तो बक्षिसाचा मिक्सर घेऊन घरी गेल्यावर कळलं.

हे सगळं मी बाईंना पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिक्सर चांगला निघाला का?"

मला वाटलं, त्या गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी त्या खरंच त्या माणसाकडे जाऊन आल्या. "चांगला आहे. बायको चटण्या करून विकते आता," त्यांनी मला सांगितलं. ही गोष्ट वेलनेसमध्ये धरायची की नाही, हे मला कळेना. मी वहीत लिहून ठेवली आणि नंतर खोडली.

बाईंचा एक प्रश्न होता. माणूस भेटला की आपण बरं आहे ना, जेवण झालं का, असं काहीतरी विचारतो. बाई विचारायच्या, "काल झोपलात कुठे?" झोप लागली का, किती लागली, हे नाही. कुठे, एवढंच. या प्रश्नानं सुरुवातीला फार घोटाळे झाले. प्रेस शॉपमधला एक नवीन लग्न झालेला पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि मित्रांनी त्याला आठवडाभर छळलं. एका सुपरवायझरला वाटलं, आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलंय. तो साहेबांकडे जाऊन स्वतःहून खुलासा करून आला. मी बाईंना म्हटलं, "बाई, हा प्रश्न जरा वेगळा विचारू या का?"

"कसा?"

"म्हणजे, झोपेची गुणवत्ता कशी आहे, असं काहीतरी."

"त्यावर तू काय उत्तर देशील?"

"बरी आहे म्हणेन."

"मग?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्या प्रश्नाला लोक खरी उत्तरं द्यायचे, हे मात्र होतं. मराठवाड्यातून आलेली कॉन्ट्रॅक्टची पोरं कारखान्याजवळच्या निघोजे-म्हाळुंग्याला खोल्या करून राहतात. एका गादीवर दोघं पाळीपाळीनं झोपतात. एक शिफ्टला गेला की दुसरा आडवा होतो. आम्ही ऑफिसात बसून शिफ्टचा तक्ता बदलायचो तेव्हा तिकडे एकाच गादीवर दोघं येऊन उभे राहायचे. हे मला बाईंच्या मागे फिरताना कळलं. मी लगेच म्हटलं, "बाई, हे स्लाइडवर घेऊ."

"घे. आणि पुढे काय लिहिशील?"

मला सुचलं नाही. त्यांनाही सुचलं नाही. "मलाही कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या भर मीटिंगमध्येसुद्धा बोलायच्या. साहेब विचारायचे, "मॅडम, प्रोग्रॅमचं कुठवर आलं?" आणि बाई शांतपणे सांगायच्या, "मलाही कळत नाहीये अजून." आमच्या कंपनीत न कळणारी माणसं पुष्कळ आहेत, पण तसं सांगणारं त्यांच्याआधी कुणी बघितलं नव्हतं. साहेब पेन बंद करायचे, परत उघडायचे. मग सगळे माझ्याकडे बघायचे, कारण प्रेझेंटेशन मी करणार होते.

एक दिवस बाईंनी कँटीनशेजारची मोडक्या खुर्च्यांची खोली मागितली. खुर्च्या निघाल्या, तिथे लोखंडी खाटा आल्या, पंखे आले, खिडकीला जाड काळा पडदा आला, कोपऱ्यात पाण्याचा माठ आला. झालं. भिंतीवर काही लावू देईनात. मी ध्यानस्थ माणसाचं एक पोस्टर आणलं होतं, ते त्यांनी गुंडाळून परत दिलं. मी खोलीसाठी नावं काढली होती: संजीवन कक्ष, ऊर्जा कक्ष. "खोलीच म्हण," त्या म्हणाल्या. साहेबांना दाराशी चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन हवं होतं, म्हणजे कोण किती वेळ आत होतं ते कळेल. बाई म्हणाल्या, "चेहरा दाखवून झोपायला कोण जाईल, साहेब?"

गेलं कुणीच नाही. मशीन नव्हतं तरी गेलं नाही. कामगार कमिटीतले बाळूभाऊ, चाकणजवळच्याच गावचे, जुने माणूस. ते एकदा दारात उभे राहिले.

"बाई, ही खोली कशासाठी हाय?"

"झोपायला."

"कोनी झोपायचं?"

"ज्याला झोप आलीय त्यानं. जेवणाच्या सुट्टीत, शिफ्टच्या आधी, नंतर."

"आन हजेरी कापली तर?"

"कापणार नाहीत असं म्हणतात. तुम्हाला पटत नाही?"

"न्हाई पटत," बाळूभाऊ म्हणाले. "आमी बी कंपनीत केस पिकवल्यात. उद्या कुनाला काढायचं म्हनलं की म्हनतील, हा झोपतो."

बाई विचार करून म्हणाल्या, "तसंही होईल." बाळूभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांची समजूत घालण्याऐवजी बाईंनी त्यांचंच म्हणणं मान्य केलं, याचा त्यांना उलट जास्त संशय आला.

त्यानंतर बाई स्वतः तिथे झोपायला लागल्या. दुपारचं जेवण झालं की त्या खोलीत जायच्या, सेफ्टी शूज खाटेखाली ठेवायच्या, पदर अंगावर ओढून भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. दार अर्धं उघडं. थोड्याच वेळात घोरणं ऐकू यायचं, आणि ते साधंसुधं नव्हतं. कँटीनमधून हात धुऊन येणारे लोक दारापाशी थबकायचे, आत डोकावायचे, आणि पाय न वाजवता पुढे जायचे. मी बाहेर स्टुलावर बसून राहायचे. मी राखण करत होते की कार्यक्रम राबवत होते, हे मला माहीत नव्हतं.

तीन जणांनी त्यांना विचारलं, आणि तिघांना तीन उत्तरं मिळाली. साहेबांना त्या म्हणाल्या, "खोली वापरली जातेय असं दिसायला हवं ना." बाळूभाऊंना म्हणाल्या, "पंखा आवाज करतो का बघत होते." मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "झोप आली होती गं."

यातलं खरं कोणतं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. तिन्ही खरी असतील. किंवा पहिली दोन मागाहून सुचली असतील. एक म्हातारी होत चाललेली बाई, पहाटे उठून दिघीहून बस धरणारी, दुपारी तिला झोप येणारच. तिनं स्वतःच्या सोयीसाठी खोली मागून घेतली असं कुणी म्हटलं असतं, तर मला ते खोडून काढता आलं नसतं.

तशातच ग्राहक-कंपनीची माणसं आली. ती सकाळी येणार होती, चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि नेमकी जेवणानंतर पोचली. साहेब त्यांना घेऊन थेट कँटीनच्या बाजूला वळले. मी धावत पुढे गेले, पण खोलीपाशी ते माझ्याआधी पोचले. आत बाई घोरत होत्या.

चेन्नईहून आलेले त्यांचे प्रमुख दारात उभे राहिले. "ये कौन हैं?" त्यांनी हळूच विचारलं.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हणाले, "हमारी वेलनेस हेड."

त्यांनी आणखी थोडा वेळ आत बघितलं, दार आवाज न करता लोटून घेतलं आणि चवड्यांवर चालत पुढे गेले. साहेबांनी त्या संध्याकाळी बाईंना नोटीस द्यायचं ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. पण आठवड्यानं अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की वरिष्ठांचा प्रत्यक्ष सहभाग उत्तम आहे. साहेबांनी ते वाचलं, मला वाचायला दिलं, आणि परत घेऊन पुन्हा वाचलं. नोटीस राहून गेली.

दत्ताची गोष्ट त्याच सुमाराची.

दत्ता आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवायचा. शेतकरी घरचा, चाकणच्या पलीकडच्या गावचा, पर्मनंट कामगार. हात इतका सफाईदार की अरुंद गल्लीतून फ्रेमची थप्पी घेऊन तो भरलेलं पाणी न सांडता न्यावं तसा जायचा. तो कायम थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, मागून घ्यायचा. बाईंनी त्याला एकदा सकाळी घरी निघताना गाठलं. मी सोबत होते.

"काल झोपलात कुठे?"

"ओट्यावर," तो म्हणाला. "आईच्या पायाला दोरी बांधून. दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो पुढे सांगायला लागला. आईचं डोकं चालेनासं झालं होतं. ती उठून निघून जायची. दोनदा हायवेवर सापडली होती. त्याची बायको दुसऱ्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला, ती सकाळी गेली की दुपारपर्यंत आई याच्याकडे. डोळा लागला आणि आई उठली की दोरी ओढली जायची, मग हा जागा व्हायचा. "दर घडीला उठती," तो म्हणाला. "सवय झाली आता."

बाईंनी विचारलं, "दोरी कसली आहे?"

"सुती. जुनी. वळ उठत न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

मला त्यांचा राग आला. इतकं ऐकून फक्त बरं? पण त्यांनी दोन दिवसांत शिफ्ट इन्चार्जला सांगून दत्ताला फर्स्ट शिफ्ट लावून घेतली. मला वाटलं, आता कुठे कार्यक्रम म्हणावं असं काहीतरी झालं. मी स्लाइडसुद्धा बनवली. तेवढ्यात दत्ताच ऑफिसात आला. तो चिडलेला नव्हता, पण आवाज ठाम होता.

"बाई, मला परत थर्ड द्या. मी आन बायको दोघं बी सकाळचे बाहेर, मग आईला कोन बघंल? तुमी इचारलं म्हनून मी सांगितलं. उपकार करा म्हनून न्हाई सांगितलं."

बाईंनी मान हलवली. त्याला परत थर्ड मिळाली. मी स्लाइड काढून टाकली.

आणि मग ती सकाळ आली. मी बसमधून उतरले तर गेटमधून बाई भराभर चालत येत होत्या. त्या पहिल्या शिफ्टच्या गाडीनंच आल्या होत्या. थर्ड शिफ्ट सुटता सुटता दत्ताची फोर्कलिफ्ट डिस्पॅचच्या रॅकवर जाऊन आदळली होती. रॅक कलला आणि फ्रेमची अख्खी थप्पी खाली आली. तिथून हातभर अंतरावर पॅकिंगची एक मुलगी पाठमोरी उभी होती. लागलं कुणालाच नाही. दत्ता म्हणाला, ब्रेक लागला नाही. मेंटेनन्सवाले म्हणाले, ब्रेक ठीक आहे.

बाईंनी मला कंपनीच्या गाडीपाशी नेलं. "दत्ताच्या घरी जा. त्याच्या आईजवळ बस. मी निरोप पाठवेपर्यंत उठू नको."

"आणि दत्ता?"

"त्याला मी खोलीत झोपवलाय."

"मी तिथे काय करायचं, बाई?"

"बसायचं," त्या म्हणाल्या आणि गाडीचं दार लावलं.

दत्ताच्या घरी शेजारची बाई ओट्यावर दोरी धरून बसली होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तिनं विचारलं, "कंपनीतनं आलाय व्हय?" आणि मी काही बोलायच्या आत दोरी माझ्या मनगटाला गुंडाळून ती आपल्या कामाला गेली.

दत्ताची आई बारीक चणीची, नऊवारी नेसलेली, डोळे स्वच्छ. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"तू कुनाची गं?"

मी नाव सांगितलं.

"मला घरी सोडतीस का?"

"आजी, हे घरच आहे तुमचं."

"हे न्हवं," ती म्हणाली आणि उठली. दोरी ताणली. मला काय करावं कळेना. ओढून बसवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मीही उठले. ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही गावातून निघालो. बांधावरून, एका गोठ्याच्या कडेनं, ती न अडखळता चालत होती. शेवटी एका कंपनीच्या उंच कंपाउंड भिंतीशी येऊन थांबली. तिनं भिंतीला हात लावला, दोन पावलं डावीकडे सरकली, परत हात लावला.

"हितनं वाट हाय," ती मला म्हणाली. "हितनंच."

भिंतीच्या कोपऱ्यावरचा सिक्युरिटीवाला ओळखीचं हसला. "आजी, चला, सावलीत बसा," म्हणाला आणि त्यानं आपली खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, भिंतीच्या आत पूर्वी त्यांचं घर होतं म्हणतात, त्या रोजच येतात, एरवी मुलगा असतो सोबत. म्हणजे दत्ता दिवसा ओट्यावर नुसता पडून नव्हता. तो हे अंतर रोज चालत होता, आणि रात्री आमच्या गल्ल्यांमधून गाडी चालवत होता.

आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो. ती मधूनच माझा हात धरायची, मधूनच मी कोण म्हणून विचारायची. दुपारी दत्ताची बायको कामावरून आली. तिनं माझ्या मनगटाची दोरी सोडली आणि पाणी दिलं. बाईंचा निरोप त्यानंतर आला.

कंपनीत परतले तेव्हा खोलीबाहेर माझ्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. आत दत्ता अजून झोपलेला. शिफ्ट इन्चार्ज त्याचा जबाब घ्यायला दोनदा येऊन गेला होता. साहेब स्वतः आले.

"मॅडम, त्याला उठवा. चौकशीला बसायचंय."

"बसेल. झोप झाली की बसेल."

"झोप कधी होणार?"

"मला कसं कळणार, साहेब?"

दाराबाहेर बाळूभाऊ आणि आणखी काही जण उभे होते. सगळ्यांना वाटत होतं, आता बाई दत्ताला वाचवणार. मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. दत्तानं ब्रेकचंच सांगितलं. बाळूभाऊंनी ब्रेकच्या जुन्या तक्रारींचा विषय काढला. मेंटेनन्सवाले जरा मऊ झाले होते, ते निभावून गेलं असतं. मग बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ब्रेक ठीक होता. तो गाडीवर झोपला."

दत्तानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ती नजर मला नीट सांगता यायची नाही.

"तो झोपत नाही हे मला माहीत होतं," बाई पुढे म्हणाल्या. "माहीत असून मी त्याला गाडीवर बसू दिलं. हेही लिहा."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. दत्ताची नोकरी गेली नाही. बहुतेक बाईंनी स्वतःवर घेतलं म्हणून, किंवा ग्राहक-कंपनीला कळू नये म्हणून, किंवा बाळूभाऊंनी काम बंद पाडायची भाषा केली म्हणून. पण फोर्कलिफ्ट गेली. त्याला दिवसपाळीला स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट मोजून द्यायला. दिवसा आईला बघायला कुणी नाही म्हणून त्याच्या बायकोनं तिची नोकरी सोडली. दत्ता बाईंशी पुन्हा बोलला नाही. समोरून आल्या तर रस्ता बदलायचा. बाई रस्ता बदलायच्या नाहीत.

बाईंचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. त्या गेल्या तेव्हा निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. त्यांनी सेफ्टी शूज धुऊन, वाळवून स्टोअरमध्ये जमा केले. ते दत्तानंच घेतले असणार, तिथे तोच बसायचा. दोघं काही बोलले का, मला माहीत नाही.

पुढचं तर मला अजिबातच उलगडलं नाही. बाई गेल्यावर लोक त्या खोलीत झोपायला लागले. आधी एक-दोन, मग जेवणाच्या सुट्टीत खाट मिळेना. कुणी म्हणायचं, दत्ता झोपला आणि त्याला काढलं नाही, हे सगळ्यांनी बघितलं म्हणून. बाळूभाऊंचं म्हणणं वेगळं होतं. "बाई हुती तवर लाज वाटायची," ते म्हणाले. "बाईमानसाशेजारी कसं झोपायचं?" म्हणजे बाईंच्या झोपण्यानं लोक धजावले की अडले, हेही ठरवता येत नाही. पुढच्या तपासणीत मी खाटांचे फोटो दाखवले आणि आम्हाला ट्रॉफी मिळाली. बाईंनी दत्ताला वाचवला की बुडवला, यावर कँटीनमध्ये अजूनही वाद होतात. दोन्ही बाजूंचं ऐकलं की मला दोन्ही पटतात.

मध्यंतरी एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, बाई मला भोसरीच्या बाजारात भेटल्या. हातात मेथीची जुडी, केस पूर्ण पांढरे. आम्ही रसवंतीत बसलो. मी त्यांना ट्रॉफीचं सांगितलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकून म्हणतात तसं. मग मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"बाई, तुम्ही चौकशीत खरं सांगितलंत, तेव्हा त्याची नोकरी राहील हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"नाही. मला वाटलं, काढतील."

"मग का सांगितलंत?"

त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "ती पॅकिंगची मुलगी तिथे उभी होती ना."

मी माझाही ग्लास खाली ठेवला.

"तिला नंतर कुणी काही विचारलं का?" त्या म्हणाल्या.

मला आठवेना. रॅकचे फोटो निघाले होते, फोर्कलिफ्ट तपासली होती, दत्ताचा जबाब झाला होता. त्या मुलीला कुणीतरी पाणी दिलं होतं, मग शिफ्ट सुटली आणि ती बसमध्ये बसून गेली. तिचं नावसुद्धा आमच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं; सगळे पॅकिंगची मुलगीच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगला गेले. ती अजून तिथेच होती. सोनाली नाव, परभणीकडची, कॉन्ट्रॅक्टवर. फ्रेमच्या खोक्यांना टेप लावत होती. जेवणाची सुट्टी झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि त्या सकाळचं विचारलं.

ती आधी दचकली. मग म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं होतं. माझ्या खोलीवर यायच्या त्या. इथून गेल्यावर पण यायच्या."

"काय म्हणायच्या?"

"नोकरी सोड म्हनायच्या. इथून निघ, दुसरीकडं बघ, पाहिजे तर मी शोधून देते म्हनल्या."

मला पुन्हा काही कळेना. कामगारांच्या आरोग्यासाठी कंपनीनं आणलेली बाई, आणि ती एका कामगाराला नोकरी सोड म्हणून सांगत घरापर्यंत जात होती.

"मग तू सोडली का नाहीस?"

"कामून सोडू?" ती म्हणाली. "मी काय केलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन मागून गाडी आली ना, की अजून हात थांबतो. टेप तिथंच राहते. सुपरवायझर ओरडतो. घरी कुनाला सांगितलं नाही मी." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही एचआरच्या ना? मग तुम्हीच सांगा. त्या बरोबर होत्या का मी?"

पलीकडच्या गल्लीतून फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. तिचे खांदे वर गेले ते मला दिसले. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि लाइनच्या टोकाला सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता. मी एक रिकामं खोकं उलटं केलं आणि त्यावर बसले.

"आधी तू सांग," मी म्हणाले. "त्या दिवशी काय काय झालं ते."

तिनं आपलं खोकं ओढलं, भिंतीला पाठ लागेल असं नीट सरकवून घेतलं, आणि बसून बोलायला लागली.